अनलिमिटेड थाळी: पोटाच्या बाजूने केलेलं परीक्षण

थाळीच्या परीक्षणात सहसा बासुंदी किती आटवलीय, पुरी टम्म फुगली होती का, अळूच्या भाजीत खोबऱ्याचे काप होते की नुसतेच शेंगदाणे, याची चर्चा असते. इथे चवीला हात लावलेला नाही. पुण्यात आपटे रस्त्यावरचं श्रेयस, टिळक रस्त्यावरचं दुर्वांकूर, मुंबईत काळबादेवीतलं १९४५ पासूनचं श्री ठाकर भोजनालय, अशा ठिकाणांमुळे ही जेवणाची पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे आणि चांगल्या थाळीगृहात चांगलं जेवायला मिळतं याबद्दल वाद नाही. हे परीक्षण कुठल्या एका हॉटेलचं नाही, या सेवेचं आहे: ठरलेले पैसे, हवं तितकं वाढप, बांधून न्यायचं नाही, एका ताटात दोघांनी जेवायचं नाही. प्रश्न एकच विचारला आहे. या टेबलावर बसलेल्या माणसाला आपलं पोट भरल्याचं वेळेत कळतं का?

बहुतेक वेळा कळत नाही. आणि त्याचा दोष माणसाच्या हावरटपणावर टाकणं चुकीचं आहे. वाढण्याची रचनाच अशी आहे की पोटाचा निरोप वर पोचेपर्यंत वाटी दुसऱ्यांदा भरलेली असते. ही रचना नीट समजली तर त्याच ताटात, त्याच पैशांत, फार छान जेवता येतं.

आधी पहिल्या वाढपाचा हिशोब करू. थाळीतली लहान वाटी साधारण ८० मिलिलिटरची. अशा पाच वाट्या म्हणजे ४०० मिलिलिटर. दोन फुलके चावून पोटात गेले की १०० च्या आसपास, भाताची मूद तेवढीच, चटणी-कोशिंबीर-फरसाण मिळून आणखी १००, आणि ताकाचा पेला २०० चा. बेरीज ९०० मिलिलिटर, पाणी सोडून. रिकामं जठर मुठीएवढं असतं आणि एक लिटरच्या आसपास भरेपर्यंत ते सैलावत जातं, फारशी कुरकुर न करता. त्यापुढे मात्र जडपणा सुरू होतो. म्हणजे सर्वसाधारण माणसाचं पोट पहिल्याच वाढपात भरतं. ‘अनलिमिटेड’ हा शब्द ज्या भागाला लागू होतो, तो सगळा भाग पोट भरल्यानंतरचा आहे. पाटीवर हे कुणी लिहीत नाही, पण थाळी घेण्याआधी हीच गोष्ट माहीत हवी.

मग तो भाग खाल्ला का जातो? पहिलं कारण वेळेचं. पोट भरल्याचे निरोप दोन वाटांनी जातात. जठर ताणलं गेलं की व्हेगस मज्जातंतू मेंदूला कळवतो, हा निरोप लवकर निघतो. दुसरा निरोप आतड्यांकडून येतो. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, आणखी खाली जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं. या सगळ्यांचा मिळून परिणाम जाणवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घरी हा वेळ आपोआप मिळतो: पोळी तव्यावर असते, कुणीतरी लोणचं आणायला उठतं, भात यायचा असतो. थाळीगृहात तुम्ही बसता न बसता ताट भरतं आणि वीस मिनिटांत माणूस दोन माणसांचं जेवून मोकळा होतो. तृप्ती कळते ती हात धुताना, आणि तोवर ती तृप्ती राहिलेली नसते, तड लागलेली असते.

दुसरं कारण वाटीच्या तळाचं. घरी वाटीचा तळ दिसतो. आमटी संपली हे डोळ्यांना कळतं, मग हात थांबतो आणि ‘अजून हवी का?’ हा प्रश्न मनात येतो. तळ दिसणं ही खाण्याच्या ओघातली हक्काची थांबण्याची जागा आहे. थाळीगृहात वाटी अर्धी झाली की वाढपी येतो आणि भरून जातो. तळ कधी दिसतच नाही. जेवण संपल्यावर ‘आमटी किती वाट्या झाली?’ असं विचारलं तर आकडा सांगता येत नाही.

तिसरं कारण सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात कमी ओळखीचं आहे. एखादा पदार्थ खात गेलो की त्याच पदार्थाची गोडी कमी होत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थाची होत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून हे दाखवलं. एकाच सारणाची सँडविचं दिली त्यापेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची दिली तेव्हा लोकांनी जास्त खाल्ली. ‘गोडासाठी पोटात वेगळा कप्पा असतो’ असं आपण म्हणतो, ते याच अनुभवातून. थाळीत तर पंधरा-वीस चवी एका वेळी समोर असतात. कांदा-बटाट्याचा कंटाळा येतो तोच मटकीची उसळ खुणावते, तिखटाने जीभ भाजली की श्रीखंड, श्रीखंडाने गोडमिट्ट झालं की मसालेभात. प्रत्येक चव आधीच्या चवीने थकलेली जीभ पुन्हा ताजी करते. जीभ ताजी झाली याचा अर्थ भूक उरली आहे असा नाही. या एका वाक्यावर थाळीतलं निम्मं जेवण अवलंबून आहे.

वाढप्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण आमच्या मते थाळीगृहाची खरी पारख तिथेच होते. चांगला वाढपी पळी वाटीवर धरतो, तुमच्याकडे बघतो, मान हलली की मगच वाढतो. फुलका आणला तर ताटाच्या कडेशी थांबतो. साधारण वाढपी आधी ओततो आणि मग ‘अजून?’ म्हणून विचारतो. गर्दीच्या वेळी चांगलाही साधारण होतो, कारण एकेकाकडे बरीच टेबलं असतात. इथे शब्दांची निवड कामाला येते. ‘बस’ हा शब्द वाढणं सुरू झाल्यावरचा आहे, तोवर निम्मी वाटी भरलेली असते. आधीच थांबवायचं तर ‘नको’ म्हणावं आणि तळहात वाटीवर आडवा धरावा. ‘थोडं’ म्हटलं की एक पळी पडते, कारण वाढप्याच्या हिशेबी तेच थोडं. ‘अर्धी पळी’ म्हटलं की अर्धीच पडते. ‘आत्ता नको, मी हाक मारतो’ हे वाक्य सगळ्यात गुणी: त्यात नकार नाही, आग्रह करणाऱ्याचा मान राहतो आणि पुढचा घास कधी, हे तुमच्या हातात येतं. अनलिमिटेडमध्ये मागितलेलं पुन्हा मिळणारच आहे, त्यामुळे आत्ता नको म्हटल्याने काही गमवावं लागत नाही.

रिकामी वाटी ताटात ठेवू नये. ती भरली जाते. जे पदार्थ नको आहेत त्यांच्या वाट्या बसल्याबसल्या परत द्याव्यात. कढी आणि वरण दोन्ही असतील तर एक निवडावं, दोन गोड असतील तर एक. सात वाट्यांच्या चार केल्या की वाढप्याच्या फेऱ्याही आपोआप कमी होतात. नंतर कितीही हात आडवा धरला तरी या एका कृतीइतका उपयोग होत नाही.

महाराष्ट्रीय आणि गुजराती-राजस्थानी थाळीत या बाबतीत फरक आहे. गुजराती थाळीत ढोकळा, कचोरी असं फरसाण आणि गोड पदार्थ सुरुवातीलाच येतात. भूक सगळ्यात कडक असते तेव्हा समोर तळलेलं आणि गोड असतं, आणि तेच भराभर खाल्लं जातं. वर फुलके एकामागून एक, तूप लावून. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, तूप ४५ किलोकॅलरीचं, आणि पोटात जागा मात्र जवळजवळ शून्य घेणारं. महाराष्ट्रीय पानाची जुनी रीत थांबे देणारी होती: आधी वरण-भात-तूप-लिंबू, मग पोळी-भाजी, मधे मसालेभात आणि गोड, शेवटी ताकभात. प्रत्येक भाताला पंगत थांबायची. जेवायला सुरुवात करण्याआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, श्लोक म्हणायचा, तेवढ्यात सगळ्यांची पानं वाढून व्हायची आणि समोरच्या अन्नाकडे मिनिटभर बघणं व्हायचं. हॉटेलात हे टप्पे एकत्र गोळा झाले आहेत, तरी ‘भात कधी आणू?’ हा प्रश्न महाराष्ट्रीय थाळीत अजून विचारला जातो. तिथे थांबायला एक जागा आहे, म्हणून भुकेच्या कसोटीवर आमचं झुकतं माप तिकडे.

ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी मिळत असेल तर जरूर घ्यावी. ती चावावी लागते. पुरी मऊ आणि तेलकट, दोन घासांत संपते. त्याच पिठल्याबरोबर भाकरी आणि पुरी खाऊन बघा, जेवायला लागणारा वेळ सरळ वाढलेला दिसेल.

आता जाण्याआधीची चूक. थाळी आहे म्हणून सकाळपासून काही न खाता जाणं. पैसे वसूल करायचा हा सर्वमान्य उपाय पोटाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. भुकेची एक ते दहा अशी पट्टी कल्पावी. एक म्हणजे डोकं दुखतंय, चिडचिड होतेय, हातपाय गळालेत. तीन-चार म्हणजे पोटात हलकी पोकळी, साधा वरण-भात समोर आला तरी आनंद होईल. पाचला भूकही नाही आणि भरलेपणही नाही. सहा-सातला भूक गेलेली, अंग हलकं, अजून खाता येईल पण गरज नाही. आठला कमरेचा पट्टा जाणवतो. दहाला बसवत नाही. जेवायला तीन-चारवर बसावं, सहा-सातवर उठावं. एकवर बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत न चावता खातो आणि सहा, सात, आठ हे मुक्काम त्याला लागतच नाहीत, तो थेट नऊवर उतरतो. म्हणून दुपारी एकची थाळी असेल तर सकाळचा नाश्ता नेहमीसारखा, थोडा हलका, आणि मधेच खड्डा पडला तर एक केळं किंवा मूठभर फुटाणे.

पोटातली गुरगुर ऐकून धावू नये. रिकाम्या जठरातून आणि आतड्यातून साधारण दीड-दोन तासांनी एक सफाईची लाट जाते, तिचा तो आवाज असतो, आणि काही मिनिटांनी ती आपोआप शमते. घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक, जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलेलं, ते नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं. रोज एकला जेवणाऱ्याला एकला भूक लागते ती बऱ्याच अंशी घड्याळाची असते. तीही खरीच, पण दहा मिनिटं रांगेत थांबल्याने कुणी गळून पडत नाही. तसंच ढेकरेचं. ती तृप्तीची खूण मानली जाते, पण मुळात ती गिळलेली हवा आहे. भराभर जेवणाऱ्याला आणि सोडा पिणाऱ्याला लवकर येते, सावकाश जेवणाऱ्याला कदाचित येतच नाही. तिच्या भरवशावर उठायचं ठरवू नये.

ताट आल्यावर पहिली पाच मिनिटं कोशिंबीर, उसळ, पालेभाजी आणि एक फुलका. फरसाणाचा एकच तुकडा. पहिला संपल्याशिवाय दुसरा फुलका ताटात पडू देऊ नये, गार झाला तर नवा गरम मिळतो, ही तर या सेवेची खरी चैन आहे. दुसरा फुलका संपला की हात थांबवावा. दोन घोट पाणी, दोन मिनिटं गप्पा. मग स्वतःला विचारावं: आत्ता नुसता वरण-भात, लोणच्याशिवाय, खावासा वाटेल का? वाटत असेल तर भूक आहे, भात मागवावा. नुसत्या वरण-भाताचं नाव काढल्यावर मन मागे सरतं पण बासुंदीकडे धावतं, तर ती जिभेची भूक आहे. ती असण्यात पाप काही नाही. फक्त तिला दोन चमचे पुरतात, वाटी लागत नाही.

गोडाची वेळ महत्त्वाची. शेवटी, पोट भरल्यावर, गोड खाल्लं तर ते सगळं वरचंच होतं. जुन्या रीतीप्रमाणे जेवणाच्या मधे, भूक अजून थोडी शिल्लक असताना घ्यावं. पहिला चमचा जिभेवर ठेवून थांबावं: श्रीखंडातलं केशर, वेलची, चक्क्याचा आंबटपणा वेगवेगळा कळतो. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला तो आंबटपणा हरवतो आणि नुसती साखर लागायला लागते. तिथे वाटी बाजूला सारावी. जिभेने स्वतःहून दिलेली ही सूचना इतकी स्पष्ट असते की एकदा ओळखू आली की पुन्हा चुकत नाही. पुरणपोळीला हाच नियम जरा कठीण जातो, कारण अर्धी पोळी ताटात टाकवत नाही. तिथे आधीच ‘अर्धी द्या’ म्हणावं. बऱ्याच ठिकाणी देतात.

‘ताटात टाकायचं नाही’ या संस्काराबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. संस्कार उत्तम आहे, पण तो घेताना पाळायचा आहे. भरमसाट वाढून घ्यायचं आणि मग सातवर पोचल्यावरही ताट चकचकीत करायचं, यात अन्न वाचत नाही, ते फक्त बादलीऐवजी पोटात जातं. अर्धी पळी, एक फुलका, चार वाट्या, असं घेतलं तर दोन्ही सांभाळलं जातं. पैशांचंही तसंच. ते गल्ल्यावर गेले की गेले, चौथा फुलका खाऊन परत येत नाहीत.

रविवारी दुपारी ही सेवा कमी गुणांची ठरते. बाहेर रांग, नावं पुकारणारा माणूस, खुर्चीमागे वाट बघत उभं असलेलं कुटुंब. अशा वेळी कुणीही दोन मिनिटं हात थांबवत नाही. रविवारचा बेत भारी असतो हे खरं, पण पोटाचं ऐकत जेवायचं असेल तर आठवड्यातला मधला वार आणि दार उघडल्याउघडल्याची वेळ. वाढप्यालाही सवड असते, फुलकेही थेट तव्यावरून येतात.

ज्याचं दोन फुलके आणि एक मूद यात भागतं त्याने लिमिटेड थाळी किंवा राईस प्लेट मागावी. जादा पोळीचे वेगळे पैसे लागतात, हा तिचा दोष मानला जातो. आम्हाला तो गुण वाटतो. दहा-वीस रुपयांचा प्रश्न का होईना, तो ‘हवी आहे का?’ असा थांबून विचार करायला लावतो.

मुलांना अर्ध्या दरात बसवलं असेल तर काय वाढायचं ते आईवडिलांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने. लहान मुलं ‘झालं’ म्हणतात तेव्हा बहुधा खरंच झालेलं असतं. पैसे भरलेत म्हणून आणखी एक पुरी भरवली की पोटाचं ऐकायची त्यांची जन्मजात सवय मोडते.

काहींनी ही सेवा जपून घ्यावी किंवा घेऊच नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी भूक लागायची वाट बघत जेवण लांबवू नये. हात थरथरणं, घाम सुटणं ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात, आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली असेल तर रांगेत उभं न राहता आधी १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यायची. मधुमेहासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाईडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांचं जठर सावकाश रिकामं होतं. त्यांना नेहमीच्या निम्म्या जेवणानेही मळमळ, उलटी होऊ शकते, त्यांनी लिमिटेडच घ्यावी. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी रात्रीची थाळी टाळावी, कारण जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. आणि ज्यांना खाण्यावर ताबा सुटण्याचे झटके येतात, किंवा उपाशी राहून शिक्षा करून घ्यायची सवय आहे, त्यांनी वरची पट्टीसुद्धा स्वतःवर लावत बसू नये, याची जाण असलेल्या डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलावं.

जेवून उठल्यावर बडीशेप घेऊन दहा मिनिटं सावकाश चालावं. चालताना अंग हलकं असेल तर सातवर उठलात. पोटावर हात ठेवावासा वाटला तर पुढच्या वेळी कुठली वाटी परत द्यायची ते तेव्हाच ठरवून टाकावं, संध्याकाळपर्यंत आठवत नाही. रात्री ठरलेल्या वेळी भूक लागली नाही तर केवळ घड्याळ बघून जेवायला बसू नये, मधुमेहाची औषधं चालू असतील तर ती गोष्ट वेगळी. आणि नऊ-साडेनऊला लागलीच, तर ‘दुपारी थाळी झालीय’ म्हणून तिला दटावूही नये. मऊ भात, मेतकूट, वर थोडं तूप.